कामगार चळवळीतून हिप्परग्याच्या शाळेत



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही म्हणालो की, चालती नोकरी सोडून निराळ्या वाटेच्या शाळेत मास्तरकी पत्करणाऱ्या माणसाविषयी बोलू. चालक जरा चपापले. कामगार संघटनेचा माणूस बोनस, करार आणि कंत्राटी पद्धत यांवर बोलेल, अशी त्यांची समजूत असावी. त्यातून आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि कारखान्याच्या फाटकाशी. परंतु या विषयाची आणि आमच्या कामाची गाठ आपल्या मराठवाड्यातच, जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी पडून गेलेली आहे. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

१९५७ साली आपल्या या औरंगाबाद मतदारसंघाने ज्यांना लोकसभेवर पाठविले, ते स्वामी रामानंद तीर्थ हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे सेनानी म्हणून आपणा सर्वांस ठाऊक आहेत. ते त्याआधी हेडमास्तर होते, आणि त्याहीआधी कामगार चळवळीत होते, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात असते. मूळ नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर, जन्म १९०३ चा. असहकाराच्या हाकेबरोबर सरकारी शाळा सोडली, टिळक महाराष्ट्र विद्यापीठात शिक्षण पुरे केले आणि मुंबईस ना. म. जोशी यांच्या हाताखाली कामास लागले.

ना. म. जोशी कोण, हे आज कामगारांच्या मुलांनाही सांगावे लागते. १९२० साली आयटक स्थापन झाली, तिच्या संस्थापकांपैकी ते एक. मध्यवर्ती कायदेमंडळात ते वर्षानुवर्षे कामगारांच्या वतीने बोलत राहिले, आणि १९२६ चा ट्रेड युनियन कायदा झाला त्याच्या मुळाशी त्यांनी पाच वर्षे आधी मांडलेला ठराव होता. गंमत अशी की, जोशी स्वतः मूळचे मास्तर. शिक्षकी सोडून ते १९०९ साली भारत सेवक समाजात आले. म्हणजे वडीलधाऱ्याने शाळा सोडून कामगार धरला, आणि त्याच्या तरुण सहकाऱ्याने कामगार सोडून शाळा धरली!

आणि सोडण्याची वेळ तरी कोणती? १९२८ साली मुंबईच्या गिरण्या सहा महिने बंद होत्या. दीड लाखाच्या आसपास माणूस संपावर होता. १९२९ च्या मार्चमध्ये मीरतच्या खटल्यासाठी पुढाऱ्यांची धरपकड झाली. त्याच वर्षाअखेर नागपूरच्या अधिवेशनात आयटक फुटली आणि जोशी बाहेर पडले. या धामधुमीच्या सुमारास आजाराने खचलेले शरीर घेऊन खेडगीकर निजामाच्या राज्यात आले, ते हिप्परगा नावाच्या खेड्यात. उस्मानाबाद म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातले हे गाव. तेथे असहकाराच्या काळात निघालेली एक राष्ट्रीय शाळा होती. तिचे ते मुख्याध्यापक झाले, आणि शिक्षकी चालू असतानाच संन्यासही घेतला.

आमच्यातले काही कार्यकर्ते याला पळवाट म्हणतात. लढाई ऐन रंगात असता खेड्यात जाऊन मुलांना शिकवीत बसणे म्हणजे माघार, असे त्यांचे म्हणणे. आम्हांस ते पटत नाही. निजामाच्या मुलखात सभा घ्यावयाची तर ‘गश्ती निशाण ५३’ या हुकुमाप्रमाणे आधी परवानगी लागे. वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. १९१८ साली निघालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. मराठी, तेलुगू, कानडी बोलणाऱ्या रयतेच्या पोरांना शिक्षण म्हणजे परक्या घरचे दार. उर्दू ही गोड भाषा आहे, आमच्या शहराच्या गल्लीगल्लीत ती आम्ही ऐकत आणि बोलत आलो. परंतु जी भाषा घरात कोणी बोलत नाही, तिच्यातून गणित आणि भूगोल शिकणे हा प्रश्न वेगळा. अशा मुलखात चार माणसे नियमाने एकत्र बसू शकतील, प्रश्न विचारू शकतील, एकमेकांना जबाबदार राहतील, अशी जागा कोणती? शाळेचा वर्ग. ज्याने मुंबईत कामगारांचे काम पाहिले होते, त्याला हे उमगले नसेल असे आम्हांस वाटत नाही.

येथे एक गोष्ट थांबून सांगितली पाहिजे, कारण अशा चरित्रांतून ती नेहमी वगळली जाते. शिक्षकाने नोकरी सोडली की त्याचे हारतुरे होतात. पण राष्ट्रीय शाळेच्या दाखल्याला सरकारी कचेरीत किंमत नव्हती. म्हणजे ज्या बापाने आपला मुलगा हिप्परग्यास ठेवला, त्याने त्या मुलाची पुढची नोकरी आधीच सोडून दिली होती. मास्तरांनी स्वतःच्या जिवावर उदार व्हावे, तो त्यांचा अधिकार. शेतकऱ्याने पोराच्या भाकरीवर उदार व्हावे, ही त्याहून जड गोष्ट. त्या बापांची नावे कोणत्या स्मारकावर आहेत? आजही प्रयोगशील शाळांचे कौतुक करताना आपण गुरुजींचे छायाचित्र छापतो, मुलाचे नाव तेथे घालणाऱ्या आईचे छापीत नाही.

१९३५ साली स्वामीजी आणि त्यांचे सहकारी हिप्परग्याहून मोमिनाबादेस, म्हणजे अंबाजोगाईस आले आणि योगेश्वरीच्या शाळेत काम करू लागले. तीनच वर्षांनी, १९३८ साली, स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहासाठी त्यांनी शाळाही सोडली आणि तुरुंग पत्करला. त्याच साली आपल्या शहरात इंटरमीजिएट कॉलेजच्या मुलांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून संप केला आणि ती चळवळ संस्थानभर पसरली. आपल्या शहरातले गोविंदभाई श्रॉफ हे कलकत्त्याहून गणिताची वरची पदवी घेऊन आलेले सरकारी शाळेतले शिक्षक. त्यांनीही राजीनामा दिला आणि चळवळीत उडी घेतली. पुढे मुक्तीनंतर सरस्वती भुवन संस्थेची धुरा त्यांनी कित्येक वर्षे वाहिली. एवढ्या मोठ्या माणसांनी नोकऱ्या सोडल्या, शाळा धरल्या, पुन्हा सोडल्या. पण त्यांच्या मागे योगेश्वरीची शाळा चालू राहिली ती कोणामुळे? जे गेले नाहीत त्यांच्यामुळे. घंटा वेळेवर देणारा शिपाई, रोज तास घेणारे मास्तर, महिनाअखेर उसनवारी करून घर चालविणारी त्यांची बायको. सोडणाऱ्याचा इतिहास होतो, थांबणाऱ्याचे नुसते हजेरीपत्रक राहते. आम्ही संघटनेचे लोक हजेरीपत्रकाला फार मान देतो.

आता आजचे बोलू. गेल्या साली वाळूजच्या एका कारखान्यातला तरुण फिटर आमच्या कचेरीत आला. आय.टी.आय. झालेला, आठ वर्षे टूलरूममध्ये काढलेली, हात सोन्यासारखा. म्हणाला, “काका, राजीनामा लिहून द्या. मला शाळेत शिकवायचंय.” शहराबाहेर एक छोटी शाळा आहे, तेथे लाकूडकाम, मोटारीची दुरुस्ती, शेती यांतून गणित व विज्ञान शिकवितात. मुले बहुतेक शेतमजुरांची, काही ऊसतोडणीवाल्यांची. दिवाळीच्या सुमारास आईबाप कोयता घेऊन कारखान्यांकडे निघाले की वर्ग निम्मा रिकामा होतो. त्या मुलांनी मागे राहून शिकावे, यासाठी शाळेने राहण्याची सोय केली आहे.

आम्ही विचारले, “पगार किती?” तो म्हणाला, “मानधन आहे.” आम्ही विचारले, “कोणत्या तारखेला?” यावर तो हसला.

श्रोतेहो, ‘मानधन’ या शब्दाची आम्हांस धास्ती आहे. कामाचे दाम देणे जड झाले की समाज त्या कामाला व्रत म्हणू लागतो. १९८८ साली गोव्यातील एका शिक्षिकेच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने शिक्षक हा ‘कामगार’ नव्हे. शिकविणे हे उदात्त कार्य आहे. उदात्त ठरविले, आणि त्या कायद्याचे दार बंद झाले! पुढे २००४ साली ग्रॅच्युइटीच्या कायद्यातूनही शिक्षक वगळले गेले. तेव्हा संसदेला २००९ साली कायदा बदलून, १९९७ पासून लागू होईल अशा रीतीने, त्यांना आत घ्यावे लागले. आपल्या राज्यात खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा कायदा झाला, पण तोही मान्यताप्राप्त शाळांपुरता. आणि विनाअनुदानित शाळांतील शिक्षकांनी बिनपगारी वर्षेच्या वर्षे कशी काढली, हे या सभागृहातल्या निम्म्या घरांना ठाऊक असेल.

स्वामीजींनी स्वतःसाठी काही मागितले नाही, म्हणून पुढच्या प्रत्येक मास्तराने मागू नये, हा हिशेब आम्हांस मान्य नाही. ते संन्यासी होते. या फिटरला दोन लेकरे आणि घराचे हप्ते आहेत. जो उपाशी आहे तो वर्षभरात परत कारखान्याच्या फाटकाशी उभा राहील, आणि मुलांचा मास्तर मधल्यामध्ये जाईल. ऊसतोडणीवाल्याच्या पोराला आधीच दर वर्षी काही ना काही सोडून जात असते.

आम्ही राजीनामा लिहून दिला. पण त्याआधी त्याच्या भविष्यनिर्वाह निधीचा आणि ग्रॅच्युइटीचा हिशेब करून कारखान्याकडून कागद घेतला, आणि शाळेकडून नेमणूकपत्र मागितले. पगार पूर्वीच्या निम्म्याहून कमी, तो त्याने राजीखुशीने मान्य केला. कलमे साधी होती. पगार सात तारखेच्या आत. भविष्यनिर्वाह निधी. आजारपणाची रजा. काढावयाचे झाल्यास लेखी कारण आणि त्याचे म्हणणे ऐकून घेणे. विश्वस्त मंडळी भली, पण दुखावली. सेवाभावी संस्थेत कारखान्यासारखी कलमे कशाला, असे एक जण म्हणाले. तिसऱ्या बैठकीत सह्या झाल्या. पहिला पगार जुलैच्या सहा तारखेस मिळाला. त्या दिवाळीनंतर ऊसतोडणीवाल्यांची अकरा मुले मागे राहिली, आणि फिटर मास्तरांनी त्यांच्याकडून शाळेचा बंद पडलेला पंप खोलवून पुन्हा चालू करून घेतला.

आता त्याच शाळेतल्या दोन शिक्षिकांनी, आम्हांलाही तसेच पत्र हवे, अशी मागणी केली आहे. त्यांची बैठक येत्या रविवारी आहे.