खोताच्या वाडीचे राखणदार



या महोत्सवाच्या मंगल दिनीं आम्ही आपलें लक्ष गिरगांवांतील खोताच्या वाडीकडे वेधूं इच्छितों. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभु गृहस्थांनीं येथील जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन कुटुंबांस विकले, आणि लांकडी जिने, ओसऱ्या व क्रूस यांची ही वाडी वसली.

अशा स्थळांचें जतन करणारे वास्तुविशारद आज आहेत. ते प्रथम घर मोजतात, आराखडा काढतात, मगच दुरुस्तीस हात घालतात. जुन्या भिंतीस ते चुनाच लावतात. चुन्यांतून ओल बाहेर पडते, सिमेंटखालीं ती कोंडून लांकूड कुजतें. शिवाय बोळ, अंगण व क्रूस मिळून वाडी होते, हें ते जाणतात.

१९९५ सालीं मुंबईस वारसा-नियमावली लाभली. तरीहि वाडींतील अनेक घरें गेलीं. नियमाच्या कागदानें घर शाकारलें जात नाहीं. घर राखावें कीं विकावें, हें घरधनीच ठरवितो. आणि दुरुस्तीचा खर्च एकट्या कुटुंबास झेपत नाहीं. तो भार आपण सर्वांनीं वांटून घ्यावा, एवढीच आमची विनंती आहे.