गच्चीवरचा पाला

तेलंगणातल्या इचोड्याहून निर्मल, भैंसा करत बासरला गेलं की सरस्वतीच्या मंदिराबरोबर राजीव गांधी ज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठही दिसतं. २००८ साली सुरू झालेलं, पूर्ण निवासी. हजारो मुलं-मुली तिथंच राहतात, जेवतात. जून २०२२ मध्ये विद्यार्थी आंदोलनाला बसले, तेव्हा कुलगुरू नेमण्याबरोबरच मेस आणि सोयीसुविधांच्या मागण्याही होत्या. उद्घाटनाला पाहुणे मिळतात हो, दुरुस्तीला पैसा मिळत नाही!

आणि इमारतींना दुरुस्ती तर लागतेच. आपल्या भागातली काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरच्या भिंतींनाही तडे जातात. म्हणून पाया खोल हवा आणि पाणी भिंतीपासून दूर काढून दिलेलं हवं.

गच्चीचं दुखणं वेगळं. पाइपाच्या तोंडाशी कडुनिंबाचा पाला अडकतो, पाणी तुंबतं, स्लॅबमध्ये मुरतं. आतली सळई गंजून फुगते आणि छताचे पोपडे वर्गात पडू लागतात. भिंतीतलं पिंपळाचं रोप वेळीच मुळासकट काढावं. नुसतं छाटलं तर पुन्हा फुटतं.

शाळा असो वा विद्यापीठ, मृगाआधी एकदा गच्चीवर चढा आणि पाइपाची तोंडं मोकळी करा.