रूट कॅनाल: भूल आणि धडधड

रूट कॅनाल म्हटलं की अनेकांच्या पोटात गोळा येतो. खरं तर ठणका असतो दाताच्या आतल्या सुजलेल्या नसेचा. उपचार तो थांबवण्यासाठीच. भूल बहुधा लिग्नोकेनची, सोबत किंचित अ‍ॅड्रेनलिन. त्यामुळे इंजेक्शननंतर मिनिटभर छातीत धडधडू शकतं. घाबरू नका, ओसरतं. खालच्या दाढेची भूल चढली की अर्धा ओठ सुजल्यासारखा वाटतो. आरशात पाहा, सूज नसते. मात्र ओठ बधिर होऊनही फार सुजलेली दाढ कधीकधी दाद देत नाही. तेव्हा मुकाट्याने सोसण्यात कसलंच शौर्य नाही. दुखलं की डावा हात वर करायचा, हे डॉक्टरांशी आधीच ठरवा. ते थांबतात, दाताच्या मुळाशी जादा भूल देतात. ड्रिलच्या आवाजाचीच धास्ती असेल, तर कानात गाणी लावू का, म्हणून विचारा.

रक्तदाबाची किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगा, मनाने बंद करू नका. उपचारानंतर दोन-तीन तास बधिरपणा राहतो. तोवर चहा कोमट, चावणं बंद, नाहीतर गालच चावला जातो. आणि हो, हिरडीवर अ‍ॅस्पिरिनची गोळी दाबून ठेवायची जुनी खोड सोडा. हिरडी भाजते.