विद्यार्थ्यांसाठी टॅबलेट : आकार, बॅटरी आणि दानाचा विवेक

(वर्षावासातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)

 

वर्षावासाच्या व्याख्यानमालेत टॅबलेट आणि त्याची बॅटरी हा विषय कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. कारण अगदी साधे आहे. आपल्या अभ्यासिकेतील मुलामुलींसाठी टॅबलेट घ्यावेत असा विचार पुढे आला आहे, आणि त्यावर दोन मते आहेत. एक मत असे की लहान आकाराचे घ्यावेत, म्हणजे त्याच पैशात अधिक मुलांच्या हाती पडतील. दुसरे मत असे की थोडे घ्या, पण मोठे घ्या. हा पैसा रोजंदारीवर काम करणाऱ्या माणसांनी महिन्याच्या मिळकतीतून बाजूला काढलेला आहे. तो खर्च करताना भावनेपेक्षा विवेकाची गरज अधिक आहे, म्हणून ही चर्चा.

प्रथम आकाराचा विचार करू. टॅबलेटचा आकार इंचांत सांगतात, पण ते माप पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे, म्हणजे तिरपे असते. त्यामुळे ऐकताना फसगत होते. सात आणि दहा यांत फरक तीन इंचांचाच दिसतो, परंतु एकाच घडणीचे दोन पडदे असतील तर दहा इंची पडद्याचे क्षेत्रफळ सात इंचीच्या दुप्पट भरते. आठ आणि अकरा यांतही जवळजवळ तेवढेच अंतर आहे.

आता आपली मुले त्यावर काय वाचणार? बालभारतीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात मिळतात, जुन्या प्रश्नपत्रिका मिळतात, महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंडही याच स्वरूपात वाचता येतात. पीडीएफमध्ये पान जसेच्या तसे राहते. पडदा लहान असेल तर अख्खे पानच लहान होते. ए-फोर कागदाची रुंदी सव्वाआठ इंच असते. आठ इंची टॅबलेट उभा धरला तर त्याच्या पडद्याची रुंदी सव्वाचार इंच, म्हणजे अक्षर निम्मे झाले. इंग्रजी अक्षर तेवढे लहान झाले तरी एखादे वेळी चालून जाते. आपल्या देवनागरीत वर वेलांट्या, मात्रा, रफार, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षरे. ती बारीक झाली की ‘द्ध’ आणि ‘द्व’ यांतला भेद डोळे ताणून शोधावा लागतो. उलट दहा इंची पडद्याची रुंदी सव्वापाच इंचांहून थोडी अधिक असते. साध्या डेमी आकाराच्या पुस्तकाचे पान साडेपाच इंच रुंद, म्हणजे ते जवळजवळ मूळ आकारात दिसते.

लहान टॅबलेटचेही गुण आहेत. तो साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरतो, बसमध्ये एका हातात धरता येतो. मोठा साडेचारशे-पाचशे ग्रॅमपर्यंत जातो. परंतु आज बहुतेक घरांत एखादा मोठ्या पडद्याचा मोबाईल आहे. लहान टॅबलेट त्या मोबाईलचाच थोरला भाऊ होय. जे काम घरातला मोबाईल करू शकत नाही ते अभ्यासिकेच्या टॅबलेटने करावे. अभ्यासिकेत तो टेबलावर ठेवून वाचायचा आहे, तेव्हा वजनाचा मुद्दा गौण ठरतो. म्हणून आमचे मत दहा-अकरा इंचांच्या बाजूने आहे.

पण मित्रहो, आकार हा प्रश्नाचा लहान भाग आहे. मोठा भाग पाठीमागच्या झाकणाखाली आहे.

स्वस्त टॅबलेटचा पहिला मोठा सरकारी प्रयोग ‘आकाश’चा. तो ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत जाहीर झाला. सात इंची पडदा, सरकारी खरेदीची किंमत २,२७६ रुपये. देशभर कौतुक झाले, पण बोटाला न दाद देणारा पडदा आणि थोड्या वेळात संपणारी बॅटरी अशा तक्रारी लगेच सुरू झाल्या. पुढे मुंबईच्या आयआयटीत ‘आकाश-२’ची जबाबदारी आली, त्यात पडदा सुधारला आणि बॅटरीही वाढवली. किंमत खाली आणण्याच्या नादात रोजच्या वापराचा विचार मागे पडला, की वस्तू मुलांच्या उपयोगी पडत नाही, हा ‘आकाश’चा धडा आहे.

त्याआधी २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैराट या छोट्या गावातील शाळेत ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेचा प्रयोग झाला होता. त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपचा पडदा साडेसात इंचांचाच, पण भर उन्हात वाचता येईल असा. बॅटरी हाताने काढता-घालता येणारी, आणि तिची क्षमता निम्मी होईपर्यंत दोन हजार वेळा चार्ज व्हावी अशी योजलेली. एखादा स्क्रू हरवला तर म्हणून जादा स्क्रूसुद्धा आतच ठेवलेले होते. तो लॅपटॉप जगभर अपेक्षेइतका पसरला नाही, हे खरे. तरीही खेड्यातले मूल आणि त्याचा शिक्षक यांनाच वस्तू दुरुस्त करता आली पाहिजे, हा विचार त्यात होता.

बॅटरी म्हणजे काय हे थोडक्यात सांगतो. लिथियम-आयन बॅटरी प्रत्येक पूर्ण चार्जिंगबरोबर थोडी थोडी झिजते. सामान्य बॅटरी सुमारे पाचशे फेऱ्यांनंतर मूळ क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांवर येते असे मानतात. घरातला टॅबलेट दोन दिवसांतून एकदा चार्ज होत असेल, तर या पाचशे फेऱ्यांना पावणेतीन वर्षे लागतात. अभ्यासिकेतला टॅबलेट सकाळी एकाच्या हाती, दुपारी दुसऱ्याच्या, रात्री तिसऱ्याच्या. तो रोज चार्ज होणार. त्याच्या पाचशे फेऱ्या दीड वर्षाच्या आतच पुऱ्या होतात. त्यातून पत्र्याच्या छपराखालची उष्णता आणि दिवसरात्र चार्जरला लावून ठेवण्याची सवय यांनी झीज वाढते, बॅटरी फुगते. पडदा चांगला, आतले यंत्र चांगले, पण बॅटरी गेली म्हणून टॅबलेट कपाटात जाऊन पडतो. लहानपणी आपण पेन्सिल संपली म्हणून पाटी फेकून दिली नव्हती. रेडिओचे सेल संपले म्हणून रेडिओही टाकला नव्हता.

मग कंपन्या बॅटरी आत चिकटवून का टाकतात? त्यांचीही बाजू ऐकली पाहिजे. काढता येणाऱ्या बॅटरीला स्वतःचे कडक कवच लागते, झाकणाला खाचा लागतात, त्यामुळे जाडी वाढते. धूळ आणि पाणी अडवणे कठीण होते. बाजारात बनावट बॅटऱ्या येतात आणि त्या धोकादायक असतात. हे मुद्दे खोटे नाहीत. परंतु दोन घटना शेजारी ठेवून पाहा. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने आपल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या तापण्याचा धोका असल्याचे जाहीर केले. बॅटरी हाताने निघत होती, म्हणून ग्राहकाने फोन आपल्याजवळच ठेवून नुसती बॅटरी बदलून घ्यायची होती. २०१६ मध्ये सॅमसंगच्या नोट-७ या फोनच्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या. बॅटरी आत बंद होती, त्यामुळे लाखो फोनच परत मागवावे लागले आणि शेवटी ते मॉडेलच बंद झाले. सोय हवी की सडपातळपणा, हा वाद आहे. ज्याला दर दोन वर्षांनी नवे घेणे परवडते त्याने सडपातळपणा निवडावा. आपल्याला ते परवडत नाही.

कायदाही हळूहळू याच दिशेने येत आहे. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून फोन आणि टॅबलेटच्या बॅटरीने आठशे फेऱ्यांनंतरही किमान ऐंशी टक्के क्षमता राखावी, असा नियम लागू झाला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्याचे संकेतस्थळ सुरू केले. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमही २०२२ चेच. त्यांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली.

उपासक-उपासिकांनो, या विषयावर धम्माची शिकवण फार जुनी आहे. चुल्लवग्गात एक कथा येते. कोसंबीचा राजा उदेन याच्या राण्यांनी भदंत आनंदांना पाचशे चीवरे दान दिली. एवढ्या चीवरांचे तुम्ही काय करणार, असे राजाने विचारले. ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्या भिक्खूंना देऊ, असे आनंद म्हणाले. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची अंथरुणाची आवरणे होतील. ती जुनी झाली की गाद्यांच्या खोळी, मग जमिनीवरची अंथरणे, मग पायपुसणी, मग फडकी, आणि फडकीही विरली की त्यांचे तुकडे चिखलात मळून जमीन सारवायची. राजाचे समाधान झाले आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. दान घेणाऱ्याने त्या दानाचा शेवटपर्यंत हिशोब द्यावा, हे या कथेचे मर्म आहे. दीड-दोन वर्षांत कपाटात मेलेला टॅबलेट दाखवून आपण देणगीदाराला काय उत्तर देणार?

आणि तो टॅबलेट कपाटातून कचऱ्यात गेला तर? पुण्यात कचरा कोणाचे हात वेचतात, हे या सभागृहात सांगण्याची गरज नाही. डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये या शहरात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्या सभासदांत बहुसंख्य स्त्रिया आहेत, आणि त्या बहुतांशी दलित समाजातल्या आहेत. त्यांत आपल्या आया-बहिणी आहेत. फुगलेली लिथियम बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकली, ती दाबली गेली किंवा तिला भोक पडले, तर ती पेटते. आपल्या मुलाच्या शिक्षणासाठी आणलेल्या वस्तूने आपल्याच भगिनीचा हात भाजावा, हे आपल्याला चालणार नाही. म्हणून जुनी बॅटरी वेगळी ठेवून अधिकृत ई-कचरा संकलनातच दिली पाहिजे.

तेव्हा आमच्या सूचना अशा. टॅबलेट दहा-अकरा इंची घ्यावेत, संख्या कमी झाली तरी चालेल. पैसे देण्यापूर्वी बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत किंवा कंपनीच्या सेवा केंद्रात तीन प्रश्न विचारावेत : या मॉडेलची बॅटरी सुटी मिळते का, पडदा न फोडता ती बदलता येते का, आणि तिला मजुरीसह किती खर्च येतो? उत्तर गुळमुळीत असेल तर ते मॉडेल सोडून द्यावे. हाताने बॅटरी बदलता येणारे टॅबलेट आजही निघतात, पण ते मुख्यतः कारखाने आणि गोदामांसाठी असल्याने महाग पडतात. ते न जमल्यास कारागिराला सहज उघडता येईल असा निवडावा. नवी बॅटरी घेताना तिच्यावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि नोंदणी क्रमांक पाहावा. खरेदीच्या वेळीच प्रत्येक टॅबलेटमागे एका बॅटरीचा खर्च राखून ठेवावा आणि त्याची नोंद हिशोबाच्या वहीत करावी. टॅबलेट रात्रभर चार्जरला लावून ठेवू नयेत. बॅटरी फुगलेली दिसताच वापर थांबवावा.

बाबासाहेबांनी आपल्याला ‘शिका’ म्हणून सांगितले. शिकण्याचे साधन पहिल्या विद्यार्थ्याच्या हाती जसे चांगले असते तसेच ते पाचव्या वर्षी येणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातीही असले पाहिजे. आज तिसरीत असलेली मुलगी आठवीत जाईल तेव्हा हाच टॅबलेट तिच्यापुढे उघडता आला, तर आपले दान सार्थकी लागले असे आम्ही समजू.

 सर्वांचे मंगल होवो.

नमो बुद्धाय! जयभीम!