चिठ्ठी आणि काम
(वाशी येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



१९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि खाडीपलीकडे हे नवे नगर उभे राहू लागले. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत नोकरी मागावयास जाताना आपल्या वडील मंडळींपैकी कित्येकांच्या खिशात एखाद्या ज्ञातिबांधवाची चिठ्ठी असे. ती रीत आम्हीही चालविली. आणि तिच्यापायी आमच्या हातून घडलेली एक चूक आज आपणांस सांगणे आमचे कर्तव्य आहे.

नात्यातील एका तरुणासाठी, त्याचे काम कधीही न पाहता, आम्ही शिफारसपत्र दिले. सहा महिन्यांत त्यास कामावरून दूर करण्यात आले. पुढे त्याच ठिकाणी एका खरोखर गुणी मुलीसाठी आम्ही शब्द टाकला, तो कोणी मानला नाही. आमच्या आंधळ्या मायेची किंमत त्या मुलीने मोजली.

तेव्हापासून आमचे असे मत झाले आहे की, खरी शिफारस ज्याने आपले काम रोज पाहिले त्याचीच. परंतु त्याचे मत काय आहे, हे आपणांस वेळीच कळावयास हवे. देव दत्त या सरकारी अभियंत्यास १९९३-९४ च्या गोपनीय अहवालात ‘चांगला’ असा शेरा मिळाला. बढतीस ‘अतिशय चांगला’ हवा होता. तो शेरा त्यांस कळविलाच गेला नाही आणि बढती हुकली. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, सरकारी सेवकास प्रत्येक शेरा कळविलाच पाहिजे. म्हणजे त्यास सुधारण्याची वा दाद मागण्याची संधी मिळेल.

खासगी नोकरास या निर्णयाचा आधार नाही. म्हणून महापे-ऐरोलीच्या कचेऱ्यांत जाणाऱ्या आमच्या मुलामुलींनी आपण होऊन विचारावे, “साहेब, माझ्या कामात कोणती उणीव दिसते?” उत्तर कटू असले तरी वाद घालू नये, ते टिपून ठेवावे आणि काही महिन्यांनी पुन्हा विचारावे. नोकरी सोडताना काम नीट सोपवून अनुभवाचा दाखला घ्यावा. दाखल्यात बहुधा हुद्दा आणि मुदत एवढेच असते. गुण सांगणारा माणूस निराळा असतो. त्याचे नाव नव्या ठिकाणी देण्यापूर्वी त्याची अनुमती घ्यावी.

आणि आपण वडीलधाऱ्यांनी, ज्याचे काम पाहिले नाही त्याची शिफारस करू नये. त्यास मार्ग दाखवावा, ओळख करून द्यावी. ग्वाही मात्र त्याच्या कामासच देऊ द्यावी.