चौथा गडी बांधावर बसलाय



नवापूरच्या किनाऱ्यावर संध्याकाळी चक्कर मारली तर ओहोटीच्या ओल्या वाळूवर पोरांचं टेनिस बॉलचं क्रिकेट रंगलेलं दिसतं, आणि बांधावर पंधरा-वीस माणसं नुसती बघत बसलेली. कुणी तारापूर एमआयडीसीतून निवृत्त झालेले, कुणी बोट मुलाच्या हाती सोपवलेले, चार-दोन बायका मासळीबाजार आटोपून टेकलेल्या. शारीरिक शिक्षण शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे माझं लक्ष खेळणाऱ्यांपेक्षा या बसलेल्यांकडेच जास्त जातं. आज पिकलबॉलविषयी बोलणार आहे तेही यांच्यासाठीच.

नाव परकं वाटेल. 1965 साली अमेरिकेतल्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड आणि त्यांच्या दोन मित्रांनी घरच्या जुन्या बॅडमिंटन कोर्टावर हा खेळ सुरू केला. हाताशी धड सामान नव्हतं, म्हणून बॅटी चक्क प्लायवूड कापून केल्या. कोर्टाचं माप मात्र बॅडमिंटनचंच राहिलं, 44 फूट बाय 20 फूट. आणि बॅडमिंटनचं एक जुनं नाव ‘पूना’ होतं, तेव्हा थोडं नातं आपल्याशीही लागतं! भारतात हा खेळ आणण्याचं श्रेय मुंबईच्या सुनील वालावलकरांकडे जातं. 2008 साली अखिल भारतीय संघटना उभी राहिली तीही मुंबईतच.

आता खर्चाचं बघू. हल्ली शहरांत तासावर भाड्याने मिळणारी चकचकीत कोर्टं निघाली आहेत. गावाने त्या नादाला लागू नये. तुमच्या सोसायटीत किंवा कंपनीच्या वसाहतीत बॅडमिंटनचं कोर्ट आखलेलं असेल, तर अर्धं काम झालेलं आहे. नसेल तर शाळेचं किंवा समाजमंदिराचं सिमेंटचं अंगण बघा, मुख्याध्यापकांना, पंचांना रीतसर विचारा आणि खडूने आखणी करा. कडेने पळायला जागा लागते, म्हणून एकूण 60 बाय 30 फूट मोकळं हवं. वाळूत मात्र नको, चेंडू उसळतच नाही. मातीवर फक्की मारून कबड्डीचं मैदान होतं, याचं होत नाही.

जाळ्यासाठी दुकानात जाऊ नका. ज्या गावात पोराला आधी जाळं विणता येतं आणि मग पाढे येतात, त्या गावाने जाळं विकत घ्यायचं म्हणजे हद्द झाली. नायलॉनच्या जुन्या जाळ्याचा 22 फुटांचा तुकडा घ्या, वरच्या कडेला पांढरी पट्टी शिवा म्हणजे नजरेला दिसेल. दोन्ही टोकांना उंची 36 इंच आणि मध्ये 34. जाळं मध्ये जरा झोल खातंच, नियमही तेवढाच झोल मागतो. बॅट गावचा सुतार करून देईल, फक्त लांबी 17 इंचांपेक्षा जास्त नको आणि लांबी-रुंदीची बेरीज 24 इंचांच्या आत हवी. चेंडू तेवढा विकत आणा. भोकांचा प्लॅस्टिकचा चेंडू असतो. उघड्यावर खेळायचा, लहान भोकांचा मागून घ्या. तरीही दुपारचा खारा वारा सुटला की तो भलतीकडेच जातो, म्हणून किनाऱ्यावर खेळ सकाळचाच.

नियम पाच मिनिटांत कळतात. सर्व्हिस कमरेखालून आणि तिरकी. त्यानंतर दोन्ही बाजूंनी चेंडू एकेकदा टप्पा पडू द्यायचा, मग हवेतला मारायला मोकळीक. गेम 11 गुणांचा, दोनच्या फरकाने. जाळ्यापासून 7 फुटांचा पट्टा असतो, त्यात उभं राहून हवेतला चेंडू मारायचा नाही. या पट्ट्याला किचन म्हणतात. हे सांगितलं तेव्हा एक मावशी म्हणाल्या, “गुरुजी, इथंपण आम्ही किचनमध्येच का?” मी म्हटलं, “मावशी, हा एकच खेळ असा, जो तुम्हाला किचनच्या बाहेर उभं राहायला सांगतो.” त्या दिवसापासून त्यांची सर्व्हिस चुकलेली मला आठवत नाही.

माझी स्वतःची चूकही सांगतो. बोईसरच्या एका सोसायटीत मी पहिल्याच महिन्यात स्पर्धा ठेवली. माईक, चषक, पाहुणे, सगळं. दोन तरण्या जोड्या फायनलला गेल्या आणि बाकीचे पुन्हा खुर्च्यांवर जाऊन बसले. पुढच्या महिन्यात कोर्टावर दुचाक्या उभ्या होत्या. तेव्हा सुरुवातीला स्पर्धा नको. चार बॅटी सामाईक ठेवा, घरी नेऊ देऊ नका. एक गेम झाला की चौघांनीही बाहेर यायचं आणि पुढच्या चौघांना जागा द्यायची, जिंकलेल्यांनीसुद्धा. वेळ मात्र पक्की हवी. बोईसरला निम्मं गाव शिफ्टवर चालतं. नाईट करून आलेला माणूस सातला खेळणार नाही, पण सेकंड शिफ्टवाला नऊच्या आत नक्की येईल.

वयस्कांसाठी एक ताकीद. डोक्यावरून गेलेल्या चेंडूमागे उलट्या पावली धावू नका. या खेळात माणसं पडतात ती अशीच, आणि साठीनंतर मनगट किंवा खुबा मोडला की महिने जातात. अंग वळवा, मग चाला. नाही पोचलो तर एक गुण गेला एवढंच. पायात बूट हवेत, चप्पल नाही. खेळण्याआधी सिमेंटवरची वाळू झाडून घ्या, ती पायाखाली छर्ऱ्यासारखी फिरते. आणखी एक, बॅटीवर चेंडूचा टकटक आवाज मोठा होतो. शेजारी आजारी माणूस किंवा परीक्षेचं पोर असेल तर जागा बदला. एका घराने तक्रार केली तर अख्ख्या गावाचा खेळ बंद पडतो.

पावसाळ्यात, जून-जुलैच्या मासेमारीबंदीत, बोटी वर ओढलेल्या असतात आणि माणसांना सवड असते, पण अंगण ओलं असतं. त्या दोन महिन्यांसाठी समाजाच्या हॉलचं आत्तापासून बोलून ठेवा.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता जाळं बांधा. तिघंच जमलात तरी सुरू करा आणि चौथ्याला बांधावरून हाक मारा.