घरगुती औषधांची पारख

बागेतील घरगुती औषध केवळ जुने म्हणून खरे ठरत नाही, तसेच स्वस्त म्हणून खोटेही ठरत नाही. कडुनिंबाचेच उदाहरण घ्यावे. १९६२ साली दिल्लीवर टोळधाड आली. तेव्हा भारतीय कृषी संशोधन संस्थेतील डॉ. एस. प्रधान व त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीचा गर पाण्यात कालवून, ०.१ टक्का प्रमाणात, पिकांवर फवारला. टोळ पिकांवर बसले; पण त्यांनी पाने खाल्ली नाहीत. या गरातील अझाडिराक्टिन हे द्रव्य १९६८ साली वेगळे करण्यात आले. ते किडींची भूक मारते व वाढ खुंटविते. मात्र उन्हात लवकर निकामी होते. म्हणून अर्क ताजा असावा व सायंकाळी फवारावा.

तंबाखूचा काढाही मावा मारतो. परंतु त्यातील निकोटिन माणसालाही विषारी असते. घरगुती म्हणजे निर्धोक नव्हे.

शिवाय, पावसाने धुऊन गेलेल्या माव्याचे श्रेय पुष्कळदा औषधालाच मिळते. यासाठी फवारणी करताना दोन-चार झाडे मुद्दाम तशीच सोडावीत आणि काही दिवसांनी दोहोंची तुलना करावी. औषधाचा खरा गुण त्या न फवारलेल्या झाडांवरूनच कळतो.